अडेनियम कुजू नये म्हणून: नाशिकच्या गच्चीवरचा वर्षभराचा क्रम

अडेनियम हे फुगीर खोडाचं फुलझाड पाण्यावाचून सहसा मरत नाही. ते मरतं मुळाशी साचलेल्या ओलीनं. फुललेलं रोप रोपवाटिकेतून घरी येतं, एप्रिल-मे छान जातात, पावसाळ्यात पानं पिवळी पडू लागतात. मग पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी पाणी, अशक्त झालं म्हणून खत, आणि पोळ्याच्या सुमारास बुंध्याला बोट लावलं की ते आत जातं. दोष पावसाला दिला जातो. खरी चूक मार्चमध्येच झालेली असते: रोप आलं त्याच कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवलं, किंवा कुंडी बदलली पण चुकीच्या क्रमानं. म्हणून या लेखात माती आणि कुंडी बदलणं यावर सर्वाधिक भर आहे. ते दोन टप्पे नीट झाले की बाकीचं वर्ष पुष्कळ सोपं जातं.

जमिनीलगतच्या फुगलेल्या खोडाला हौशी लोक ‘कॉडेक्स’ म्हणतात. इथे त्याला बुंधा म्हटलं आहे. पाणी आणि अन्न साठवण्याची ती कोठी आहे, आणि रोपाची तब्येत पानांपेक्षा बुंध्यावरून जास्त खात्रीनं कळते.

सावधान: अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं आहे आणि त्याचा चीक विषारी आहे. छाटणी करताना हातमोजे घाला, चिकाचा हात डोळ्याला-तोंडाला लावू नका, काम झाल्यावर हात आणि कात्री दोन्ही साबणानं धुवा. छाटलेल्या फांद्या गाई-शेळ्या तोंड घालतील अशा उकिरड्यावर टाकू नका.

## टप्पा १: रोप घेताना

गंगापूर रोड असो की त्र्यंबक रोड, रोपवाटिकेत सगळ्यांचं लक्ष फुलांकडे जातं. आधी बुंधा दाबा. अंगठा आणि तर्जनीत धरून चारही बाजूंनी, विशेषतः मातीला टेकतो तिथे. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला पाहिजे. एकाच जागी मऊ लागला तर रोप कितीही फुललेलं असो, घेऊ नका.

मग रोप हलकेच हलवून पाहा. कुंडीत डुगडुगत असेल तर मुळं गेलेली असू शकतात. पानं उलटून पाहा, पांढरी कापसासारखी पुंजकी किंवा बारीक जाळी दिसली तर दुसरं रोप घ्या.

दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची रंगीत फुलं असलेलं रोप बहुतेक कलमी असतं. कलमाचा सांधा शोधून ठेवा. सांध्याखालून येणारी फूट ही खालच्या साध्या रोपाची असते. ती ठेवली तर एक-दोन वर्षांत तीच जोर धरते, आणि लोक म्हणतात फुलांचा रंग बदलला. अशी फूट दिसली की बोटानं मोडून काढायची.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. ८-१० दिवस गच्चीच्या उन्हाची सवय होऊ द्या. पण पावसाळा तोंडावर असताना रोप घेतलं आणि ते चिकट ओल्या कोकोपीटमध्ये असेल, तर मे संपायच्या आत मिश्रण बदलावंच लागेल. जूननंतर घेतलेल्या रोपाला मात्र हात लावू नका. पावसापासून आडोशाला ठेवा, पाणी हात आखडून द्या आणि मार्चची वाट पाहा.

## टप्पा २: कुंडी

उथळ, पसरट, मातीची कुंडी सर्वांत चांगली. तिच्या भिंतींतूनही ओल उडते. सिरॅमिक आणि प्लास्टिक चालतं, पण त्यात पाणी द्यायचं अंतर वाढवावं लागतं. काळी प्लास्टिक कुंडी मेमध्ये गच्चीवर एवढी तापते की कडेची मुळं भाजतात. तीच वापरायची असेल तर बाहेरून चुना किंवा पांढरा रंग द्या.

माप: बुंध्याभोवती चारही बाजूंनी ४ ते ५ सेंमी जागा राहील एवढीच कुंडी. ‘मोठी कुंडी, मोठं झाड’ हा हिशोब इथे उलटा पडतो. मुळं पोचत नाहीत त्या मातीतलं पाणी कोणी पीत नाही, ते तसंच साचून राहतं.

तळाला एक भोक पुरत नाही. १० इंची कुंडीला निदान ४-५ भोकं, प्रत्येक करंगळी जाईल एवढं. त्यावर प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा ठेवा. खापरीचा तुकडा पालथा ठेवायची जुनी सवय आहे, पण तो सपाट बसला की भोक बंदच होतं. कुंडीखाली बशी नको. विटेचे तीन तुकडे ठेवून कुंडी एक-दीड इंच उचला. लादीला टेकलेल्या कुंडीची भोकं पावसाळ्यात गाळानं बुजतात आणि वरून काही कळत नाही.

तपासणी: रिकाम्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. तळाशी पाणी थांबून राहिलं तर आणखी भोकं पाडा.

## टप्पा ३: मिश्रण

नाशिकची काळी माती द्राक्षाला, कांद्याला लाख चांगली असेल, अडेनियमच्या कुंडीत तिचा मूठभरही उपयोग नाही. ती पाणी धरून फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडताना बारीक मुळं तुटतात. ‘थोडी घालू, पोषणासाठी’ हा मोह टाळा. तिचे बारीक कण खडबडीत मिश्रणातल्या सगळ्या फटी बुजवतात, त्यामुळे थोडी घातली तरी निचरा बिघडतो.

१० मापांचा हिशोब असा ठेवा. माप म्हणजे घरातला कोणताही डबा.

- विटेचे तुकडे, ३ ते ८ मिमी: ४ मापं
- खडीक्रशरवरची बारीक खडी किंवा जाड रेती, २ ते ५ मिमी: २ मापं
- जळका भाताचा तूस: २ मापं
- चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळ खत: २ मापं
- निंबोळी पेंड: १० लिटर मिश्रणाला एक मूठ

१० इंची कुंडीला साधारण ८-९ लिटर मिश्रण लागतं.

वीट चांगली भाजलेली घ्या. कच्ची वीट पाण्यात विरघळून चिखल होते. तुकडा रात्रभर पाण्यात टाकून सकाळी चिमटीत दाबा, भुगा झाला तर ती वीट बाद. फोडलेली वीट आधी मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून आणि मग गव्हाच्या चाळणीतून काढा. पहिल्या चाळणीत उरलेलं जाडंभरडं आणि दुसरीतून खाली पडलेली पूड, दोन्ही बाजूला. दुसऱ्या चाळणीत उरेल ते आपलं. ही पूड टाकायला जीव होत नाही आणि लोक ती मिश्रणात परत ढकलतात. कृपा करून टाकून द्या. अर्धी कूज याच पुडीमुळे होते.

जळका तूस इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात भाताच्या गिरण्यांजवळ मिळू शकतो. तो काळा हवा, पांढरी राख झालेला नको, कारण राखेत क्षार जास्त असतात. वापरण्याआधी दोनदा पाण्यानं धुऊन वाळवा. तूस मिळालाच नाही तर पेरलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) घ्या, किंवा विटेचं प्रमाण ६ मापांवर न्या. कोकोपीट वापरायचंच असेल तर गांडूळ खतातलं एक माप कमी करून तेवढंच. कच्चं शेणखत अजिबात नको.

दोन तपासण्या. मिश्रण ओलं करून मुठीत आवळा आणि मूठ उघडा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर मिश्रण नापास, उघडताच विस्कटला तर पास. दुसरी: कुंडी भरून वरून एक लिटर पाणी एकदम ओता. पाणी वर न थांबता खाली गेलं पाहिजे आणि काही सेकंदांतच भोकांतून धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर पुन्हा चाळायला बसा. रोप लावल्यानंतर ही दुरुस्ती करता येत नाही.

## टप्पा ४: कुंडी बदलणं

वेळ: होळी ते गुढीपाडवा. तिथीपेक्षा खूण महत्त्वाची. रात्रीचं तापमान सलग आठवडाभर १५ अंशांच्या वर राहिलं आणि फांद्यांच्या टोकांशी हिरवे डोळे (नव्या फुटीचे कोंब) फुगू लागले की काम सुरू करा. फेब्रुवारीत दुपारी ऊन चटका देतं म्हणून घाई होते, पण पहाटे अजून गारठा असतो. झोपेत असलेल्या रोपाची कापलेली मुळं भरून यायला फार वेळ लागतो.

दर वर्षी कुंडी बदलायची गरज नाही. लहान रोपाला वर्षा-दीड वर्षानं, मोठ्याला दोन-तीन वर्षांनी पुरे. मिश्रण दबून पाणी वर थांबू लागलं की समजा वेळ आली.

आता क्रम. इथे पायरी गाळणं महागात पडतं.

१. पाणी बंद. ५ ते ७ दिवस आधी. कोरडं मिश्रण मुळांपासून सहज सुटतं, ओलं मिश्रण मुळं तोडूनच निघतं.

२. दक्षिणेची खूण. बुंध्याच्या दक्षिण बाजूला खडूनं रेघ मारा. लावताना तीच बाजू पुन्हा दक्षिणेला यायला हवी. सावलीत वाढलेली कातडी एकदम उन्हाकडे आली की मार्च-एप्रिलमध्ये भाजून तपकिरी डाग पडतो, आणि त्याच डागातून पुढे पावसाळ्यात कूज शिरते. ही पायरी बहुतेकांना माहीतच नसते.

३. बाहेर काढणं. कुंडी आडवी करून कडा थोपटा. फांदी धरून उपटू नका, बुंधा धरा.

४. धुणं. जुनं मिश्रण बोटांनी मोकळं करा आणि नळाच्या मध्यम धारेखाली मुळं पूर्ण धुवा. कोकोपीटचा गोळा मधे राहू द्यायचा नाही. मुळं दुखावतील म्हणून हा गोळा तसाच ठेवला जातो. बाहेरचं नवं मिश्रण एका दिवसात वाळतं आणि मधला गोळा आठवडाभर ओला राहतो. वरून सगळं कोरडं दिसत असताना रोप आतून कुजतं ते यामुळे.

५. कापणं. ब्लेड किंवा धारदार सुरी स्पिरिटनं पुसून घ्या. काळी, पोकळ, घसरडी मुळं पांढरा निरोगी भाग लागेपर्यंत कापा. खाली सरळ जाणारं जाड मूळ आखूड केलं तर पुढे बाजूची मुळं जाड होतात आणि बुंधा पसरतो. पण एका वेळी एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका.

६. लेप. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाच्या पावडरीत थेंब-थेंब पाणी घालून दाट लेप करा आणि प्रत्येक कापावर लावा.

७. वाळवणं. सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी, मुळं उघडी ठेवून ५ ते ७ दिवस. कापाची रुंदी २ सेंमीपेक्षा जास्त असेल तर १० दिवस. या दिवसांत बुंधा किंचित सुरकुततो, पानं गळतात. घाबरू नका. काप हाताला कोरडा आणि टणक लागला पाहिजे, चिकट लागत असेल तर आणखी दोन दिवस थांबा.

८. कोरड्या मिश्रणात लावणं. मिश्रण कोरडंच हवं. मुळं पसरवा, फटींत मिश्रण काडीनं सारत जा. बुंधा आधीपेक्षा २ ते ३ सेंमी वर घेता येतो, जास्त नाही. आजवर मातीत असलेल्या भागाची साल कोवळी असते. तिला दोन-तीन आठवडे सुती कापडाचा आडोसा द्या. रोप हलत असेल तर सुतळीनं कुंडीला बांधा, कारण हलणाऱ्या रोपाची नवी मुळं तुटत राहतात.

९. पुन्हा थांबणं. लावल्यावर ५ ते ७ दिवस पाणी नाही. मग पहिलं पाणी भरपूर, भोकांतून वाहून जाईपर्यंत. त्यानंतर पुढची पाळी मिश्रण पूर्ण वाळल्यावरच.

१०. ऊन हळूहळू. पहिला आठवडा उजेडाच्या सावलीत, दुसरा सकाळच्या उन्हात, तिसऱ्यापासून पूर्ण उन्हात.

सातवी आणि नववी पायरी मिळून साधारण १०-१४ दिवस रोपाला पाणी मिळत नाही. बाकी कुठलंही झाड लावलं की लगेच पाणी घालायची सवय आपल्या हाताला आहे, त्यामुळे हे दिवस कठीण जातात. पण ताज्या कापावर पडलेलं पाणी म्हणजे बुरशीला उघडं दार. पाण्याचा साठा बुंध्यात आहे, रोप त्यावर निवांत तग धरतं.

सावधान: मार्च-एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. कुंडी बदललेली आणि छाटलेली रोपं या काळात छपराखालीच असू द्या. गारेनं पडलेल्या जखमेलाही तोच कॉपरचा लेप लावा.

## टप्पा ५: छाटणी

फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात. छाटणी केलीच नाही तर लांब काठ्या वाढतात आणि चार फुलं टोकाला लटकतात.

वेळ मार्चचीच. कुंडी बदलली त्याच दिवशी निरोगी, जुन्या रोपाच्या फांद्या छाटल्या तर बिघडत नाही, मुळं कमी झाली तसा वरचा भारही कमी होतो. नुकत्याच आणलेल्या किंवा सुकलेल्या रोपाला मात्र एका वेळी एकच शस्त्रक्रिया. त्याची छाटणी नवी पानं स्थिरावल्यावर, चार-पाच आठवड्यांनी.

प्रत्येक फांदी निम्म्यावर आणा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या साधारण १ सेंमी वर, तिरका काप घ्या, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. चीक ओल्या फडक्यानं टिपा, मग लेप. दोन-तीन आठवड्यांत एका कापाखाली तीन-चार फुटी येतात. आतल्या बाजूला जाणाऱ्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फुटी कोवळ्या असतानाच काढा. फुलं दिसायला साधारण दोन-अडीच महिने लागतात.

कलमी रोपाची छाटणी सांध्याच्या वरच. सांध्याखाली कात्री गेली की विकत घेतलेलं फूल गेलं.

पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत छाटणी करू नये. पावसाळ्यात काप वाळत नाही, थंडीत फूट येत नाही.

## टप्पा ६: उन्हाळ्यातलं ऊन, पाणी, खत

ऊन किमान ६ तास, थेट. गच्चीवर हिरवी शेडनेट बांधून खाली अडेनियम ठेवलेलं अनेक घरांत दिसतं. त्या नेटमुळे ऊन अडतं, फांद्या उजेडाकडे ओढल्या जातात आणि फुलं कमी होतात. पाऊस मात्र तिच्यातून आरामात गळतो. सवय झालेल्या रोपाला मेच्या उन्हातही नेट लागत नाही, फक्त मुळं तापू नयेत म्हणून कुंड्या एकमेकींजवळ ठेवा.

पाणी वारावर देऊ नका, ओल पाहून द्या. अगरबत्ती जळून उरलेली बांबूची काडी घ्या, मिश्रणात तीन इंच खोल रोवा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओली निघाली किंवा गार लागली तर आज पाणी नाही. एप्रिल-मेमध्ये मातीच्या कुंडीला बहुधा दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल, प्लास्टिकला चार-पाच. द्याल तेव्हा भरपूर द्या. रोज कपभर दिलं तर वरची माती ओली राहते आणि खालची मुळं तहानलेली.

सिन्नर, येवला, नांदगावकडे बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी साय धरते आणि पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा पावसाच्या साठवलेल्या किंवा गोड्या पाण्यानं कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी ओतून क्षार धुऊन काढा.

खताचं नाशिककरांना सोपं आहे, द्राक्षाची विद्राव्य खतं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. छाटणीनंतर पानं फुटली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), एक लिटर पाण्याला १ ग्रॅम, दर १५ दिवसांनी, तीन वेळा. कळ्या दिसू लागल्या की ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) त्याच प्रमाणात दोन वेळा. आधी साधं पाणी, मग खताचं पाणी, कोरड्या मुळांवर खत कधीच नाही. बागेत द्राक्षाला देतात तो डोस कुंडीला देऊ नका. युरिया टाकलेलं रोप हिरवंगार दिसतं खरं, पण फांद्या मऊ, पाणचट होतात आणि पहिल्या पावसात त्याच कुजतात. १५ जूननंतर खत बंद.

## टप्पा ७: पावसाळा

मृग लागायच्या आत आडोसा तयार हवा. नाशिक शहरात पाऊस बेताचा असला तरी रिपरिप दिवसेंदिवस चालते आणि ऊन नसतं. नुकसान होतं ते याच जोडीनं. एक जोरदार सर पडून दुसऱ्या दिवशी ऊन आलं तर चांगल्या मिश्रणातलं रोप तिची फिकीर करत नाही. सलग आठ दिवसांची झड मात्र सोसत नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे तर उघड्यावर ठेवायचा विचारच नको.

आडोसा म्हणजे पारदर्शक छप्पर: द्राक्षबागेवर घालतात तसलं प्लास्टिक कव्हर किंवा पारदर्शक पत्रा. उतार द्या आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. बाजूही बंद केल्या तर आत दमट कोंडी होते आणि पाऊस न लागताही बुरशी येते. घरात, दिवाणखान्यात उचलून आणलेली रोपं उजेडावाचून आठवडाभरात पानं टाकतात. तो उपाय नाही.

या काळात छपराखालच्या कुंडीला काडी पूर्ण कोरडी निघाल्यावरही आणखी दोन दिवस थांबून पाणी द्या. झड लागलेली असताना देऊच नका.

दर रविवारी, पाच मिनिटं: प्रत्येक बुंधा दाबा, कुंडीखालची भोकं काडीनं मोकळी करा, गळलेली पानं आणि फुलं मातीवरून उचला.

बुंधा मऊ लागला तर दोन शक्यता असतात आणि त्यांचे उपचार अगदी उलटे आहेत. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखा किंचित दबतो, साल सुरकुतलेली असते, मिश्रण कोरडं असतं. पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत टणक होतो. कुजणारा बुंधा एका जागी मऊ असतो, बहुधा मातीलगत, रंग गडद होतो, दाबल्यावर पाणी सुटतं किंवा वास येतो, आणि मिश्रण ओलं असतं. मिश्रण ओलं आणि बुंधा मऊ, तर पाणी देऊ नका. सरळ शेवटच्या टप्प्यावर जा.

छप्पर कोजागिरीपर्यंत काढू नका, परतीचा पाऊस बाकी असतो. त्यानंतर पूर्ण ऊन मिळालं की ऑक्टोबरमध्ये फुलांचा दुसरा बहर येतो. तेवढ्यापुरतं ०:५२:३४ एकदा, दिवाळीच्या आत.

## टप्पा ८: थंडी

किमान तापमान १२ अंशांच्या खाली राहू लागलं की रोप झोपेला लागतं. पानं पिवळी होऊन गळतात. हे दुखणं नव्हे. पानंच नाहीत म्हटल्यावर पाणी ओढायला कोणी नाही, त्यामुळे या दिवसांत दिलेलं पाणी गार मुळांशी तसंच राहतं. पानं गळताहेत म्हणून पाणी-खत वाढवणं ही हिवाळ्यातली सर्वांत मोठी चूक.

पानं असतील तर १५ दिवसांनी थोडं पाणी, तेही सकाळी दहानंतर. पानं पूर्ण गळली तर जानेवारीअखेरपर्यंत कोरडं ठेवा. बुंधा थोडा सैल पडेल, मार्चमध्ये भरून येईल.

निफाड-पिंपळगाव पट्ट्यात काही रात्री पारा ५ अंशांच्या खाली जातो आणि बागाईतदार द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. त्या रात्री कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवा आणि वरून गोणपाट टाका. सकाळी ते काढायला विसरू नका.

## टप्पा ९: किडी

लाल कोळी उन्हाळ्यात येतो. पानं मातकट, ठिपकेदार दिसतात, खालून बारीक जाळी असते. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा, तीन दिवसांआड चार वेळा, एवढ्यानं बहुतेकदा आटोक्यात येतो. नाहीच आला तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. पारा ३५ अंशांच्या वर असताना गंधक फवारलं तर पानं भाजतात, आणि निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक वापरू नये.

पिठ्या ढेकूण, म्हणजे द्राक्षवाल्यांचा मिलीबग, पानांच्या बेचक्यात बसतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, मग निंबोळी तेल ५ मिली आणि साबणाचं पाणी १-२ मिली, एका लिटर पाण्यात, आठवड्यातून एकदा, असं तीनदा. कुंडी बदलताना मुळांवर पांढरी भुकटी दिसली तर तीही हीच कीड आहे. मुळं धुऊन जुनं मिश्रण फेकून द्या.

पावसाळ्यात एका रात्रीत फांदी उघडी झाली तर हिरवी, बोटाएवढी जाड अळी शोधा. डोक्याकडे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके असतात, शेपटाशी छोटं शिंग. कण्हेर आणि तगरीवर येते तीच ही अळी. एखाद-दुसरीच असते, हातानं उचलली की झालं, औषधाची गरज नाही.

## टप्पा १०: कूज लागली तर

त्याच दिवशी उपटा. ‘उद्या ऊन येईल’ म्हणून थांबू नका, कूज एका आठवड्यात अर्धा बुंधा खाते.

मुळं धुवा. मऊ भाग ब्लेडनं पातळ चकत्यांनी कापत जा, प्रत्येक चकतीनंतर ब्लेड स्पिरिटनं पुसा. पांढरा, टणक, एकही तपकिरी ठिपका नसलेला भाग लागला की आणखी अर्धा सेंमी कापा आणि मग थांबा. थोडा डाग राहिला तर राहू दे म्हणाल तर महिन्याभरात पुन्हा हेच काम.

औषधाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुरशी म्हटलं की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणलं जातं, पण पाणथळ मातीत मुळं कुजवणाऱ्या पिथियम आणि फायटोफ्थोरा यांच्यावर ते चालत नाही. द्राक्षावरचा डाऊनी (केवडा रोग) त्यांच्याच गटातला आहे, म्हणून डाऊनीवर चालणारं मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब मिश्रण इथेही उपयोगी पडतं. लिटरला २ ग्रॅम मिसळून कापलेला बुंधा दहा मिनिटं बुडवून ठेवा. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, आणि ती बादली पुन्हा घरात वापरू नका.

बाहेर काढून काप वाळू द्या, मग कॉपरचा लेप. फांद्यांवरची पानं अर्धी छाटून टाका. रोप उलटं टांगा, छपराखाली, वाऱ्यावर. पावसाळ्यात काप वाळायला १५ दिवससुद्धा लागतात. मग कोरड्या, नव्या मिश्रणात लावा. या वेळी गांडूळ खत एक मापच घ्या आणि त्या जागी वीट वाढवा. कुंडी एक माप लहान निवडा, कारण मुळं आता फार थोडी आहेत. जुनी कुंडी वापरायची असेल तर घासून, दोन दिवस कडक उन्हात तापवून मगच.

पहिलं पाणी दहा दिवसांनी, पेलाभर. नवी पानं दिसली म्हणजे मुळं सुटलीच असं नाही, ती बुंध्यातल्या साठ्यावरही फुटतात. रोप बोटानं हलकेच ढकलून पाहा. ते मिश्रणात घट्ट बसलेलं लागलं की मुळांनी पकड घेतली. त्यानंतरच नेहमीसारखं काडी पाहून पाणी सुरू करा, आणि खत थेट पुढच्या मार्चमध्ये.